जुन्या एमएक्स-५ चा क्लच: पेडलची उंची आणि ढिल कशी बसवायची

क्लच अगदी फरशीजवळ उचलायला लागला की बहुतेकांचा हात आधी पेडलमागच्या नटाकडे जातो. माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये, म्हणजे १९८९ ते १९९७ च्या उघडझाप दिव्यांच्या गाडीत, ही सवय महागात पडते. अमेरिकेत ती मियाटा म्हणून विकली गेली, जपानात युनोस रोडस्टर म्हणून. तिचा क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे पेडलचा जोर वायरीऐवजी ऑइलच्या दाबाने पुढे जातो, आणि पेडलची चाल बिघडण्याचं कारण शंभरातल्या बहुतेक वेळा पेडलपाशी नसतंच. त्यामुळे आधी निदान, मग मोजमाप आणि शेवटी पाना, हा क्रम सोडू नका.

वायरच्या क्लचची सवय इथे विसरा

मारुती ८०० किंवा तत्सम गाडीवर हात बसलेल्या माणसाला वायरचा क्लच ठाऊक असतो. प्लेट झिजते तशी वायरची ढिल कमी होते, मग टोकाचा नट फिरवून ती परत द्यायची. तिथे हे नेहमीचं, ठराविक काळाने करायचं काम आहे.

हायड्रॉलिक क्लच प्लेटची झीज स्वतःच भरून काढतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या झाकणाची) बोटं गिअरबॉक्सच्या दिशेने सरकतात, फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारी तरफ, गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरचा दांडा आत ढकलतो आणि तेवढं ऑइल वर टाकीत परत जातं. म्हणून प्लेटच्या झिजेमुळे क्लचच्या टाकीतली पातळी थोडी वरच जाते, खाली येत नाही. ब्रेकच्या टाकीत उलट घडतं, त्यामुळे इथे पुष्कळांची फसगत होते. क्लचच्या टाकीतलं ऑइल कमी होतंय याचा अर्थ एकच: कुठेतरी गळतंय. एमएक्स-५ मध्ये क्लचची टाकी ब्रेकपासून वेगळी असते. ती मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या वरच्या सिलिंडरच्या, डोक्यावरच असते आणि इतकी लहान असते की थोडीशी गळतीही तिला रिकामी करायला पुरते.

थोडक्यात, ज्या गाडीचं पेडल कोणी छेडलेलं नाही तिची ढिल आपोआप बिघडत नाही. ती बसवायची वेळ मोजक्याच प्रसंगी येते: मास्टर सिलिंडर किंवा पेडल बदललं, क्लेव्हिस पिन (पेडल आणि दांडा जोडणारी खीळ) झिजली म्हणून नवी घातली, किंवा आधीच्या मालकाने गळका सिलिंडर झाकायला पुशरॉड, म्हणजे पेडलपासून मास्टर सिलिंडरमध्ये जाणारा दांडा, लांब करून ठेवला होता. शेवटचा प्रकार जुन्या गाड्यांत फार सापडतो.

पाना उचलण्याआधीची तपासणी

पायाखालची सुटी मॅट काढा. जाड रबरी मॅट पेडलची १०-१५ मिमी चाल सहज खाते आणि तेवढ्यावर गिअर कर्कश वाजू शकतो. हे वाचून हसू येईल, पण आधी हेच बघा.

मग टाकी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल काळं, गढूळ दिसत असेल तर सीलचं रबर झिजून त्यात मिसळतंय.

मास्टर सिलिंडर दोन बाजूंनी तपासा. बाहेरून, त्याच्या खाली फायरवॉलचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याचा) रंग फुगलेला किंवा उडालेला आहे का. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, त्यामुळे तो डाग लपत नाही. आणि आतून, पेडलजवळ पुशरॉड ज्या रबरी बुटातून आत जातो तिथे बोट फिरवा. बोटाला ओल लागली किंवा खालचा गालिचा तेलकट असला तर मागचं सील गेलं.

खालचा, म्हणजे स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या घंटीसारख्या खोळीवर उजव्या बाजूला दोन बोल्टांनी बसवलेला असतो. या गाडीच्या क्लचमधला सगळ्यात नाजूक भाग हाच. त्याच्या रबरी बुटाची कड नखाने किंचित उचला. आतून ऑइल आलं तर सिलिंडर गेलाय. नुसती धूळ निघाली तर ठीक. बूट कोरडा दिसतो म्हणून न उचलता पुढे जाऊ नका. गळती सुरुवातीला बुटाच्या आतच साठते.

आता दोन परीक्षा. पहिली: इंजिन सुरू, सपाट जागा, पुढे मोकळं मैदान. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि पाय हलवू न देता अर्धा मिनिट धरून ठेवा. दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेवा. गाडी हळूहळू पुढे सरकू लागली तर दाब सीलच्या कडेने निसटतोय. दुसरी: पेडल एकदा सावकाश दाबून क्लच कुठे उचलतो ते पाहा, मग तीन-चार वेळा भराभर दाबून पुन्हा पाहा. उचलण्याची जागा वर आली तर पाइपमध्ये हवा आहे किंवा सील थकलंय.

यातल्या कशातही दोष निघाला तर पुशरॉडला हात लावू नका. आधी तो दोष काढा. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल तर नुसतं सीलकिट पुरतं. खड्डे किंवा गंज असेल तर नवं सील फार दिवस टिकत नाही. सरळ सिलिंडर बदला. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतील तर दोन्ही एकदम बदलणं शहाणपणाचं. खालचा नवा झाला की वरच्याचं जुनं सील पुढच्या काही महिन्यांत रडू लागतं.

हवा काढताना

क्लचला डॉट ३ ऑइल लागतं. डॉट ४ चालतं आणि त्यात मिसळतंही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत कधीही मिसळू नका. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतली ओल शोषल्यावर तो अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरतो. वर्षानुवर्षं उघडी पडलेली अर्धी बाटली म्हणूनच वापरायची नाही.

८ मिमीचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बरणी आणि मदतीला एक माणूस एवढं पुरतं. माणूस पेडल दाबून धरतो, तुम्ही स्लेव्हवरचं निपल (हवा काढायची बारीक तोटी) पाव फेरा सोडता, ऑइल निघतं, निपल बंद, मगच पेडल वर. हा क्रम उलटला की नळीतून हवा परत आत जाते. टाकी इतकी लहान आहे की दर चार-पाच दाबांनंतर ती बघावीच लागते. एकदा तळ दिसला की सगळं पहिल्यापासून.

बुडबुडे थांबूनही पेडल मऊच राहत असेल तर हवा स्लेव्हच्या आत अडकली आहे. अशा वेळी स्लेव्हचे दोन १२ मिमीचे बोल्ट काढा, पाइप तसाच राहू द्या, सिलिंडर असा तिरपा धरा की निपल सगळ्यात वर येईल, आणि दांडा हाताने हळूहळू पूर्ण आत दाबा. अडकलेली हवा वरच्या टाकीकडे निघून जाते. दोन-तीनदा केलं की काम होतं. मात्र सिलिंडर सुटा असताना चुकूनही कोणी पेडल दाबू नये. पिस्टन बुटासकट बाहेर उडतो. परत बसवताना हे बोल्ट १६ ते २३ न्यूटन-मीटरला आवळा.

सांडलेलं ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा. पुसून रंग वाचत नाही.

मोजायचं काय

आकडे तीन. १.६ आणि १.८ इंजिनांच्या गाड्यांत प्लेटचा व्यास वेगळा आहे (२०० आणि २१५ मिमी), पण पेडल बसवण्याची रीत एकच.

पेडलची उंची, म्हणजे पेडलच्या रबराच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या गालिच्यापर्यंतचं अंतर, पाय न लावता: १७५ ते १८५ मिमी. रबर गुळगुळीत झिजलं असेल तर आधी नवं घाला. नाहीतर एक-दोन मिमीची चूक तिथेच होते.

फ्री प्ले, म्हणजे बोटाने पेडल ढकलल्यावर पहिला खरा अडथळा लागेपर्यंतची ढिल: ०.६ ते ३.० मिमी.

क्लच पूर्ण सुटतो तेव्हा पेडल आणि गालिचा यांच्यातलं उरलेलं अंतर: किमान ६८ मिमी.

फ्री प्ले मोजताना पाय वापरू नका. पाय दाब मोजतो, मिलिमीटर नाही. पेडलशेजारी स्टीलची पट्टी उभी धरा आणि एका बोटाने ढकला. पेडल आधी अगदी हलकं जातं, मग स्प्रिंगचा अडथळा जाणवतो. त्या दोन जाणिवांच्या मधलं अंतर म्हणजे ढिल. ढिल ८-१० मिमी वाटली आणि पुशरॉड बघता तो जागेवरच असताना पेडल नुसतं डुलतंय असं दिसलं, तर ती पुशरॉडची ढिल नसून झिजलेल्या क्लेव्हिस पिनची किंवा पेडलच्या बुशची आहे. पिन काढून बघा: मध्ये खाच पडली असेल किंवा पेडलचं भोक अंडाकृती झालं असेल. ही ढिल पुशरॉड लांब करून भरायची नसते.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, चाकांना अटकाव. सीट पूर्ण मागे. डोकं पेडलखाली घालून उताणं पडल्याशिवाय काम होत नाही, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्लच पेडल मधल्या बोगद्याला खेटून असल्यामुळे हात घालायला जागा आणखी कमी. ब्रिटन किंवा न्यूझीलंडमध्ये जपानी आयात गाडी घेतलेल्यांनी ही तयारी ठेवावी. डोक्याला बांधायचा दिवा, १२ मिमीचा उघडा पाना, अरुंद तोंडाची पक्कड, स्टीलची पट्टी आणि थोडा पांढरा रंग किंवा मार्कर बरोबर घ्या.

पेडलच्या वरच्या भागात दोन जागी लॉकनट, म्हणजे जागा पक्की धरणारे नट, दिसतील. एक पेडलच्या हाताला वर अडवणाऱ्या स्विचवर किंवा साध्या स्टॉपर बोल्टवर असतो. कोणत्या देशासाठी गाडी बनली त्यावर हे अवलंबून. याने उंची ठरते. दुसरा पुशरॉडवर, क्लेव्हिसला (दांड्याच्या टोकाच्या दुबेळक्याला) लागून. याने ढिल ठरते.

दोन्हींवर आताच्या जागेची रंगाची खूण करा आणि क्लेव्हिसपाशी दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा. गडबड झालीच तर परत येण्याचा रस्ता राहतो.

आधी उंची. ती बदलली की ढिलही बदलते, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम दोनदा करावं लागतं. पेडल वर घ्यायचं असेल तर पुशरॉडचा लॉकनट आधी सैल करा, म्हणजे दांड्यावर ताण येणार नाही. स्विच असेल तर त्याचं वायरचं सॉकेट काढा. न काढता स्विच फिरवला तर वायरी पिळवटून तुटतात. लॉकनट सैल करून स्विच किंवा बोल्ट फिरवा, उंची १७५ ते १८५ च्या मध्ये आणा, लॉकनट आवळा, पुन्हा मोजा. आवळताना स्विच थोडा फिरतोच.

मग ढिल. पुशरॉडचा लॉकनट १२ च्या पान्याने सैल करा. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि पाना लावताना क्लेव्हिस दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर सगळा जोर पिनवर जातो. आता दांडा बोटांनी फिरतो का बघा. नाहीच फिरला तर पक्कड वापरा, पण ती आट्यांवर लावू नका आणि दांड्याच्या गुळगुळीत, बुटात सरकणाऱ्या भागावर तर मुळीच नाही. तिथला ओरखडा बूट फाडतो.

दिशेचा गोंधळ उलटं पडल्यावर हमखास होतो, म्हणून डावं-उजवं विसरा आणि आटे बघा. क्लेव्हिसबाहेर जास्त आटे दिसू लागले म्हणजे दांडा लांब झाला: ढिल कमी, क्लच वर उचलणार. आटे आत गेले तर उलट.

एका वेळी पाव फेरा, जास्तीत जास्त अर्धा. कारण गणितात आहे. पेडलचं गुणोत्तर ६:१ आणि आटे १.२५ मिमीचे धरले तर एक पूर्ण फेरा म्हणजे पेडलपाशी साडेसात मिमी. ०.६ ते ३.० मिमीची मर्यादा त्यात तीनदा मावते. प्रत्येक बदलानंतर बोटाने ढिल तपासा. पट्टीवर १ ते २ मिमीच्या मध्ये थांबलात तर उत्तम, अगदी ०.६ ला टेकवण्यात काही शहाणपण नाही.

लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा. क्लेव्हिस पिनची स्प्रिंग क्लिप जागेवर आहे याची खात्री करा आणि पिनला थोडं ग्रीस लावा. पेडल दाबताना येणारी कुईकुई बऱ्याचदा तिथलीच असते.

ढिल शून्य केली तर काय होतं

क्लच वर उचलावा म्हणून ढिल पूर्ण संपवायचा मोह होतो. या कामातली सगळ्यात घातक चूक हीच.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर असताना पिस्टन त्याच्या मागे राहतो, छिद्र उघडं राहतं, आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथून टाकीत निघून जातं. दांडा सतत पिस्टनला रेटत असेल तर छिद्र झाकलं जातं. मग इंजिन तापलं की पाइपमधलं ऑइल फुगतं, बाहेर पडायला वाट नसते आणि ते स्लेव्हला ढकलू लागतं. म्हणजे तुम्ही पाय न लावता क्लच थोडा दाबलेलाच राहतो. प्लेट घसरते, जळते. प्रेशर प्लेटची बोटं दाबणारं रिलीज बेअरिंग सतत ताणाखाली फिरून खराब होतं. गाडी थंड असताना सगळं ठीक असतं, अर्ध्या तासाने चढावर इंजिनचा वेग वाढतो पण गाडी वाढत नाही.

हे ओळखायची सोपी रीत: गरम गाडी घसरत असताना सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा आणि स्लेव्हचं निपल क्षणभर सोडा. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि त्यानंतर घसरणं थांबलं, तर दाब अडकला होता. ढिल तपासा. ढिल बरोबर असेल तर संशय स्लेव्हजवळच्या रबरी नळीवर घ्या. जुनी नळी आतून सुजते आणि ऑइल एकाच दिशेने जाऊ देते. पिचकारी उडालीच नाही तर प्लेटच संपली आहे.

दुसरी बाजूही आहे. दांडा गरजेपेक्षा लांब असला तर पेडल तळाला जाईपर्यंत प्रेशर प्लेटची बोटं मर्यादेपलीकडे दाबली जातात. क्लच सुटल्यानंतरची ही जादा चाल काही कामाची नसते, फक्त डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे ती बोटं असलेली चकतीसारखी स्प्रिंग, थकवते.

६८ मिमीची परीक्षा

हा तिसरा आकडा खरा निकाल देतो, पण तो मोजण्यात एक मेख आहे.

पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक पुढून-मागून अडवा. मागचं दुसरं चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्या. हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, त्यामुळे या परीक्षेसाठी तो सोडावा लागतो. म्हणूनच अटकाव पक्का हवा. इंजिन बंद, गिअर चौथा. आता उचललेलं चाक हाताने फिरत नाही. मदतनीस पेडल अगदी सावकाश दाबत जातो आणि तुम्ही चाकाला हलका जोर देत राहता. चाक मोकळं फिरलं त्या क्षणी त्याने पेडल तिथेच धरायचं, आणि पट्टीने गालिच्यापर्यंतचं अंतर मोजायचं.

मेख ही की मागची दोन्ही चाकं उचलली तर डिफरेन्शियलमुळे एक चाक पुढे फिरवलं की दुसरं मागे फिरतं. क्लच सुटला असो वा नसो, चाक फिरतंच, आणि परीक्षा फसते. व्हिस्कस एलएसडी (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारं डिफरेन्शियल) असलेल्या गाडीत चाक क्लच सुटल्यावरही जड फिरेल. तेवढं गृहीत धरा.

अंतर ६८ किंवा जास्त असेल तर काम झालं. कमी असेल आणि उंची, ढिल दोन्ही मापात असतील, तर पेडलपाशी आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. खाली जा आणि स्लेव्हच्या दांड्याची चाल मोजा. मास्टरचा व्यास पाच अष्टमांश इंच, स्लेव्हचा पाऊण इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर साधारण ०.६९. म्हणजे वरचा दांडा १० मिमी आत गेला तर खालचा जवळपास ७ मिमी बाहेर यायला हवा. वर किती गेला आणि खाली किती आला हे दोन्ही मोजा, वरच्या मापातून ढिल आणि छिद्र झाकेपर्यंतची थोडी चाल वजा करा. खाली बरंच कमी येत असेल तर हवा, गळती किंवा फुगणारी नळी.

खालची चाल नीट असूनही गिअर टाकताना आवाज येत असेल तर दोष खोळीच्या आत आहे: अडकलेलं पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक पेलणारं), गंजलेल्या खाचांवर न सरकणारी प्लेट, वाकलेला फोर्क. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला चिकटूनही बसते, विशेषतः दमट हवेत. अशा गाडीचा पुशरॉड कितीही फिरवला तरी फरक पडत नाही.

शेवटी स्विचचं सॉकेट परत जोडा. ज्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही तिथे तो अजूनही तसाच वागतो का बघा. क्रूझ कंट्रोल असेल तर क्लचला पाय लागताच ते सुटतं का तेही. मग अर्धा तास गाडी चालवून, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा: इंजिनचा वेग आणि गाडीचा वेग बरोबरीने चढला पाहिजे. थांबल्यावर, गाडी गरम असतानाच, बोटाने ढिल पुन्हा एकदा तपासा. थंड असताना मिळालेले १-२ मिमी तेव्हाही तिथेच हवेत.